चार बोटं कमी पडलेलं पाऊल

हात्सुए इतोकाझू पहिल्यांदा आमच्या दोजोच्या दारात उभी राहिली, तेव्हा मला वाटलं ती तोफू द्यायला आली आहे. हातात पातेलं होतं, त्यावर ओलं फडकं. मी म्हटलं, "आज सांगितला नव्हता हो आम्ही." ती म्हणाली, "माफ करा." मग पातेलं उंबऱ्याशी ठेवलं, तीनदा वाकली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "माफ करा, मला कराटे शिकायचंय."

मला हसू आलं आणि मी ते लपवलंही नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या गोष्टीत माझी बरीच शोभा होणार आहे आणि ती मी लपवली तर गोष्टीत काही उरणार नाही.

आमचा दोजो, म्हणजे कराटेची तालीम, ही आमचे गुरू झुकेरान सेन्सेई यांच्या घरामागची पत्र्याची लांबट खोली. खाली लाकडी फळ्या, अंगणात ठोसे मारायचे दोन खांब, आणि पलीकडे उसाचं शेत. ओकिनावाच्या दक्षिण टोकाला आमचं हे कोळ्यांचं गाव. मी, चोएई गीबो, नाहा शहरापासून गावापर्यंतची बस चालवायचो आणि संध्याकाळी दोजोत यायचो. सेन्सेईंचा सगळ्यांत जुना शिष्य मी. माझ्यानंतर तामानाहा न्हावी, मग टपालखात्यातला एक, मासेमारीच्या बोटींवरचे चौघे. बाई एकही नव्हती. तशी मनाई नव्हती, पण कुणी आलीच नव्हती.

सेन्सेई ओसरीवर बसून नखं कापत होते. साखर कारखान्यात वजनकाट्यावर उभी हयात घालवलेला माणूस, बोलणं मोजून. त्यांनी विचारलं, "का शिकायचंय?"

हात्सुए-सानने पातेल्यावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "माफ करा, पण मला भ्यायचा कंटाळा आलाय."

सेन्सेईंनी नखं कापायची थांबवली. "तोफू गरम आहे का?"

"हो."

"मग आधी तो खाऊ. उद्यापासून ये. पहिलं काम फरशी पुसायचं."

तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. नवरा टूना पकडणाऱ्या मोठ्या जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. मूलबाळ नव्हतं. पहाटे तीनला उठून सोयाबीन दळायचं, पिळायचं, दूध उकळून त्यात समुद्राचं पाणी सोडायचं, आणि वाफाळता तोफू ढकलगाडीवर घालून उजाडायच्या आत बंदरावरच्या खाणावळीत पोचवायचा. कोळी लोक बोटी काढण्याआधी तो खातात. आमच्याकडे निवलेला तोफू म्हणजे कालचं वर्तमानपत्र.

आणि बाई अशी भित्री, की विचारू नका. कुत्र्याला भ्यायची. टेलिफोन वाजला तर दचकायची. वादळाची सूचना रेडिओवर लागली की तिची पाचावर धारण बसायची, आणि आमच्याकडे वादळं काय पाहुण्यासारखी चुकून येतात? कुणाचा पाय तिच्या पायावर पडला तर माफी तीच मागायची. मी एकदा मोजलं होतं, एका संध्याकाळी सत्तावीस वेळा माफी.

पहिलं वर्षभर तिच्या तोंडून आवाज निघेना. ठोसा मारताना पोटातून ओरडायचं असतं. ओरडण्याने दम जागेवर राहतो आणि समोरच्याचा सुटतो. आम्ही ओरडलो की पत्रे थरथरायचे. ती ओरडली की मांजराचं पिल्लू भुकेजल्यासारखं वाटायचं. मी म्हणायचो, "हात्सुए-सान, दूध ठेवू का बशीत?" सगळे हसायचे, तीही हसायची, आणि माफी मागायची.

सेन्सेई हसले नाहीत. त्यांनी तिला रोज दुपारी बंदराच्या धक्क्यावर पाठवलं. लाट फुटली की तिच्यावर ओरडायचं, आणि आपला आवाज आपल्याला ऐकू आला तरच घरी जायचं. गावातल्या बायका म्हणाल्या, तोफूवालीला वेड लागलं. पण ती जात राहिली. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात एका संध्याकाळी ती दोजोत ओरडली आणि तामानाहाच्या हातातला पाण्याचा पेला पडला. त्यानंतर मी दुधाचं नाव काढलं नाही.

पाच-सहा वर्षांत बाई बदलली. खांदे मागे गेले. झोप लागायला लागली, असं ती स्वतःच सांगायची, जणू तिला कुणी जमीन बक्षीस दिली होती. कोपऱ्यावरचा काळा कुत्रा तिच्यावर भुंकायचा तो थांबला. खाणावळीचा मालक तिला दर दोन दिवसांनी "उद्या अर्धा तास आधी आण" म्हणायचा. त्याला तिने एक दिवस सांगितलं, "नाही जमणार. सोयाबीनला माझं ऐकू येत नाही." मालकाने हे साऱ्या गावाला सांगितलं, कारण त्यालाही आवडलं होतं. मारामारी मात्र कधी केली नाही, करायची वेळही आली नव्हती. आमच्यात पहिला वार आपला नसतो. आला तर थांबवायचा, आणि न येईल असं वागायचं.

आता त्या पावलाचं सांगतो.

काता म्हणजे समोर नसलेल्या शत्रूशी केलेली ठरीव मारामारी. एकामागून एक हालचाली, पिढ्यान्‌पिढ्या तशाच. आमच्या दोजोचा मुख्य काता सेसान. सेन्सेई आमच्याकडे पाठ करून पुढे उभे राहत, काता करत, आणि आम्ही मागे ओळीत जसंच्या तसं करायचो. विचारायचं नाही. बघायचं, करायचं, दहा वर्षांनी आपोआप कळतं, असं माझ्या आधीच्यांनी मला सांगितलं होतं आणि मी माझ्या नंतरच्यांना सांगत होतो.

सेसानमध्ये चौथ्या वळणानंतर डावं पाऊल पुढे जातं आणि उजवं कोपर समोरच्याच्या बरगडीत बसतं. आमच्या दोजोत हे पाऊल आखूड पडायचं. थोडं घासत, थोडं अडखळल्यासारखं, आणि मग कोपर. दुसऱ्या कुठल्याच दोजोत असं नव्हतं. आम्हाला त्याचा केवढा अभिमान! मी त्याला नाव दिलं होतं "चोरपाऊल". शत्रूला वाटतं हा अडखळला आणि तो गाफील होतो, अशी माझी उपपत्ती. ओसाकाहून कराटे शिकणारे चौघे एकदा आले होते, त्यांना मी हे अर्धा तास समजावलं. त्यांनी वहीत चित्रं काढून घेतली. एकाने तर माझा फोटोही काढला.

मग तो जानेवारी आला. ऊसतोडीचे दिवस. पहाटे पाचच्या सुमाराला हात्सुए-सान गाडी ढकलत बंदराकडे चालली होती. बोटी दुरुस्त करायच्या कोठाराजवळ एक माणूस आडवा आला. दारूचा वास येत होता, चेहरा अंधारात दिसला नाही. त्याने तिचा दंड धरला आणि कोठाराकडे ओढायला लागला.

ती घाबरली, पण गोठली नाही. सहा वर्षं जे केलं होतं तेच तिने केलं. डावं पाऊल पुढे, उजवं कोपर बरगडीत. फक्त ते बरगडीत गेलंच नाही. शर्टाला घासून रिकामं फिरलं. त्याने तिला दगडी भिंतीवर ढकललं आणि तिची भुवई फुटली. तोफूची गाडी उलटली. मग ती ओरडली, धक्क्यावर ओरडायची तशी. गल्लीतले कुत्रे उठले, चार खिडक्यांत दिवे लागले, आणि तो पळाला. कोण होता, ते आजपर्यंत कळलं नाही.

भुवईवर पाच टाके पडले. टाक्यांपेक्षा वाईट म्हणजे दुसऱ्या दिवसापासून तोफूची गाडी बाहेर पडेना. ती तीनला उठायची, सोयाबीन दळायची, तोफू करायची, गाडी भरायची, आणि दारात उभी राहायची. उंबऱ्याबाहेर पाऊल पडायचं नाही. उजाडलं की घरीच गिऱ्हाइकाची वाट बघायची. खाणावळवाला आठ दिवस थांबला, मग त्याने भीतभीतच निरोप पाठवला, की कोळ्यांना रोज उपाशी पाठवता येत नाही. मार्चअखेरपर्यंत वाट बघतो, मग शहरातून थंड तोफू मागवावा लागेल. तोफूचं जाऊ द्या. सहा वर्षं खपून बाईने स्वतःचा रस्ता स्वतःचा करून घेतला होता, तो एका पहाटेत गेला. तिला पुन्हा त्या रस्त्याने एकटीला जाता येईल की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो तिच्या तोंडावर लिहिलेला दिसायचा.

दहाव्या दिवशी ती दोजोत आली. सेन्सेई अजून आतून यायचे होते. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "गीबो-सान, ते पाऊल पुरत नाही."

"कुठलं?"

"सेसानमधलं. डावं. चार बोटं कमी पडतं."

मला राग आला. भुवईवर टाके असलेल्या बाईवर मला राग आला, हे सांगायला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं!"

ती गप्प बसेल असं मला वाटलं होतं. ती तामानाहाकडे वळली. "तामानाहा-सान, माझा दंड धरा. जोरात."

तामानाहाने धरला. तिने आमचं चोरपाऊल टाकलं. कोपर त्याच्या बरगडीपासून चार बोटं अलीकडे थांबलं. तिने मागे येऊन पुन्हा धरायला लावलं आणि या वेळी पाऊल पूर्ण टाकलं, लांब, त्याच्या दोन पायांच्या मध्ये.

"अकिसाम्यो!" तामानाहा कळवळून ओरडला आणि बरगडी धरून खाली बसला. "बाई, मी तुमची दाढी करतो का कधी? मग माझा सूड कशाला?"

कुणी हसलं नाही. कारण सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि मला एक गोष्ट आठवली होती, जी आठवायला नको होती. मी दोजोत आलो तेव्हा हे पाऊल पूर्ण पडायचं. पहिली पंधरा वर्षं मीही पूर्ण टाकत होतो. मग एका ऊसतोडीत सेन्सेई उसाच्या ट्रकवरून पडले, डावा गुडघा गेला, आणि चार महिन्यांनी पुन्हा उभे राहिले तेव्हा पाऊल आखूड पडायला लागलं.

मी हे पुटपुटत सांगितलं. तामानाहा बसल्याजागी म्हणाला, "म्हणजे आपण सगळे सोळा वर्षं लंगडतोय?"

"हळू बोल!"

"आणि ते चोरपाऊल?"

"गप्प बस म्हटलं ना!"

टपालवाला म्हणाला, "पण सेन्सेईंना हे सांगणार कोण?" मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची वेळ आली की सगळे उंदीर जुन्या शिष्याकडे बघतात. मी म्हटलं, कुणीच नाही. एकोणऐंशी वर्षांचा माणूस. तुमच्या लंगडण्याची आम्ही नक्कल केली, असं तोंडावर सांगायचं? त्यापेक्षा आपण आपलं गुपचूप पाऊल लांबवू, चार बोटंच तर आहेत, मागचं त्यांना दिसतंय कुठे.

"गुपचूप केलं तर पुढच्या येणाऱ्याला कोण सांगणार?" हात्सुए-सान म्हणाली. "मी सांगते."

"तुम्ही? त्यांना लंगडं म्हणणार?"

"लंगडं नाही म्हणणार. पाऊल म्हणणार."

सेन्सेई आले. आम्ही वाकलो. मी एकतीस वर्षांत असा घाबरलो नव्हतो. ती दोन पावलं पुढे गेली, गुडघ्यांवर बसली आणि माफी न मागता बोलली. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

"सेन्सेई, त्या पहाटे मी सेसानचं पाऊल टाकलं. ते पुरलं नाही. पूर्ण टाकलं तर पुरतं. मला खरं कुठलं ते सांगा. मला त्या रस्त्याने परत जायचंय."

सेन्सेईंनी तिच्या भुवईकडे पाहिलं. मग आमच्याकडे. मग ओसरीवर जाऊन बसले आणि म्हणाले, "सगळे उभे राहा. सेसान करा. मी इथून बघतो."

हे कधी झालं नव्हतं. ते नेहमी पुढे उभे असायचे, पाठ आमच्याकडे. त्यांनी आम्हाला कधी बाजूने, एकत्र, बसून पाहिलं नव्हतं. आणि घाबरलेला माणूस सवयीचंच करतो, ठरवलेलं सगळं विसरतो. चौथं वळण आलं आणि आम्ही आठही घोडे एकाच वेळी, एकाच पायाने, एकसारखे लंगडलो.

सेन्सेई हसले. आधी नाकातून, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आम्ही तसेच उभे. हळूहळू हसू ओसरलं आणि पाणी राहिलं.

"चोएई, तू माझ्याकडे किती वर्षं आहेस?"

"एकतीस, सेन्सेई."

"माझा गुडघा कधी गेला?"

"सोळा वर्षांपूर्वी."

"मग पहिली पंधरा वर्षं तू हे पाऊल कसं टाकायचास?"

"पूर्ण."

"मग बदललंस का, गाढवा?"

"तुम्ही बदललंत म्हणून."

"मी बदललं नाही. मला जमत नव्हतं. तुला दोन धड गुडघे आहेत!"

मी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. तामानाहा, तो जळका माणूस, हळूच म्हणाला, "सेन्सेई, गीबो-सान त्याला चोरपाऊल म्हणतात. ओसाकालाही शिकवलंय."

सेन्सेईंनी कपाळाला हात लावला. पुन्हा हसतील असं मला वाटलं. पण ते उठले, दुखरा पाय ओढत फळ्यांवर आले, हात्सुए-सानसमोर मोठ्या कष्टाने गुडघे टेकले आणि कपाळ फळीला लावलं.

"तुझ्या भुवईवरचे टाके माझे आहेत," ते म्हणाले. "विचारू नका, असं मी कधी म्हटलं नाही. पण विचारा, असंही म्हटलं नाही. चूक झाली."

ती घाबरून स्वतःच त्यांच्यापेक्षा खाली वाकायला लागली, मग तिलाच काय वाटलं, थांबली. सरळ बसली आणि त्यांचं वाकणं संपेपर्यंत तशीच राहिली.  आपल्यापेक्षा मोठ्या माणसाची माफी नीट घेणं हे मागण्यापेक्षा अवघड असतं, आणि तिला ते जमलं.

पण आता शिकवणार कसं? गुडघा काही ऐकणार नव्हता. सेन्सेईंनी तिलाच पुढे उभं केलं, सगळ्यांच्या पुढे, आणि स्वतः मागच्या ओळीत गेले. तिथून सांगायचे, "टाच आधी नको. कंबर आधी. पाऊल आपोआप येईल." ती टाकायची, आम्ही तिचं बघून टाकायचो. शेवटच्या ओळीत ते स्वतः आपलं आखूड पाऊल घासत करायचे. तिथे ते त्यांचंच होतं, कुणी नक्कल करत नव्हतं. गावातल्या बायका आधी खिडकीतून डोकावल्या, मग दारातून, आणि फेब्रुवारीच्या शेवटी मासळीबाजारातल्या दोघी आत आल्या. त्यांच्या हातात पातेलं नव्हतं, त्यामुळे या वेळी माझा घोटाळा झाला नाही.

तिने ते पाऊल रोज तीनशे वेळा टाकलं. अंगणातल्या खांबाला कोपर लावून लावून दंड काळानिळा झाला. तरी मार्च अर्धा सरला आणि गाडी काही उंबऱ्याबाहेर पडली नाही. मी एकदा विचारलं, "आता तर पुरतंय ना?" ती म्हणाली, "खांबाला पुरतंय. खांब दंड धरत नाही."

मग एका संध्याकाळी निघताना तिने सगळ्यांना सांगितलं, "उद्या मी जाणार आहे. खाणावळीत कळवलंय." तामानाहा म्हणाला, "आम्ही येतो बरोबर." ती म्हणाली, "नको. उद्या तुम्ही आलात तर परवा पुन्हा यावं लागेल."

बरोबर होतं तिचं. पण मला रात्रभर झोप नाही. "नाचता येईना" हे माझंच वाक्य कानात वाजत होतं. चार बोटं कमी पडली त्यात एक बोट तरी माझं होतं, कारण मला खरं पाऊल माहीत होतं. साडेचारला उठलो, काळा रेनकोट चढवला, रबरी चपला घातल्या. लांबून मागे मागे जायचं, तिला कळूही द्यायचं नाही, असा बेत.

बायको योनेको अंथरुणातूनच म्हणाली, "एवढ्या पहाटे चोरासारखे कुठे निघालात?"

"हात्सुए-सानच्या मागे. राखणीला."

"तिने बोलावलंय?"

"नाही."

"मग मरा," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

गल्लीत अंधार होता, भिंतीवरून झुकलेल्या झाडांचं पावसाचं पाणी टपटपत होतं. पुढे गाडीच्या चाकांचा आवाज. ती सरळ चालत होती, ना भरभर ना हळू. मी भिंतीच्या कडेने, दहा पावलं मागे. तिच्या दाराजवळ मी तिला क्षणभर थांबलेलं पाहिलं होतं, आणि मग तिने पाऊल बाहेर टाकलं होतं. मला इतकं बरं वाटलं, की मी तिथूनच घरी परतायला हवं होतं.

बोटींचं कोठार आलं. तिथे, दाराशी, मला माणूस दिसला. उंच, काळा, हात पसरलेला.  तिला दिसला नसावा, ती तशीच पुढे चालली होती. ओरडावं हे सुचलं नाही, इतक्या वर्षांचं शिक्षण कुठे गेलं कोण जाणे. मी धावलो. रबरी चपलांचा काही आवाज झाला नाही. मागून जाऊन मी तिचा दंड धरला, मागे ओढायला.

पुढचं नीट सांगता येत नाही, कारण फार लवकर झालं. ती वळली. डावं पाऊल आलं, पूर्ण, माझ्या दोन पायांच्या मध्ये. कंबर आधी, मला ते जाणवलं. मग कोपर. मग तो आवाज, माझ्या तोंडावर, हातभर अंतरावरून. मी रस्त्यावर उताणा पडलो आणि मला वरचं आभाळ दिसलं. श्वास घ्यायचा असतो एवढंच आठवत होतं, कसा ते नाही.

कुत्रे भुंकले, दिवे लागले. कुणाच्या तरी खिडकीतला उजेड कोठाराच्या दारावर पडला. तिथे बांबूवर वाळत घातलेलं मासेमारीचं जाळं होतं.

ती पुढचं पाऊल टाकायच्या तयारीत माझ्याशेजारी उभी होती. मग वाकून पाहिलं. "गीबो-सान?"

मी मान हलवली.

"तुम्ही इथे काय करताय?"

"राखण," मी कसाबसा म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, जाळ्याकडे पाहिलं. तिचे पाय अजून तसेच रोवलेले होते. "पुरलं?" तिने विचारलं.

"पुरलं," मी म्हटलं. "वर थोडं उरलं."

ती रस्त्यातच हसायला लागली. मला हसता येत नव्हतं, बरगडी दुखत होती, मी नुसता हात वर केला. तिने मला धरून भिंतीला टेकवून बसवलं, माझा श्वास चालू झालाय ना ते बघितलं आणि खिडकीतल्या माणसाला सांगितलं, "या गृहस्थांना जरा घरी पोचवा." मग तिने गाडीवरचं फडकं उचलून आत हात घातला.

"अजून गरम आहे," ती म्हणाली. "चालते मी, कोळी वाट बघत असतील."

आणि गेली. कोठारावरून, त्या दारावरून, पुढच्या अंधाऱ्या वळणावरून, एकटी. चाकांचा आवाज बंदरापर्यंत ऐकू येत राहिला. मी भिंतीला टेकून बसलो होतो, बरगडी ठणकत होती, आणि मला फार आनंद झाला होता.